शेताचे स्थानिक नाव

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकांतून दरवर्षी एक तरी लेख आगरी समाजाच्या उत्पत्तीविषयी असतो. आगर म्हणजे मिठागर व त्यावरून आगरी, येथपर्यंत सर्व लेखकांचे एकमत असते. पुढे मात्र कोणी मुंगी-पैठणाकडे वळतो, कोणी बिंबराजाच्या स्वारीबरोबर आपले पूर्वज या किनाऱ्यास आले असे सांगतो, कोणी आगला व मांगला यांची कथा देतो, आणि बहुतेक सर्व जण इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेल्या महिकावतीच्या बखरीचा दाखला देऊन लेख पुरा करितात. या विषयाची गोडी आम्हांसही आहे. तथापि हजार वर्षांपूर्वी कोण कोठून आले, या प्रश्नाचे उत्तर देऊ शकेल असे माणूस आज आपल्या कोणाच्याही घरात नाही. उलट साठ-सत्तर वर्षांपूर्वी आपल्या गावचा बांध कोठून कोठवर होता, तो कोण राखीत असे, फुटला तेव्हा काय झाले, याचे उत्तर देणारे माणूस अजून पुष्कळ घरांत आहे. ते ओटीवर बसलेले आहे, त्यास कमी ऐकू येते, आणि त्यास कोणी काही विचारीत नाही.

यंदापासून स्मरणिकेची काही पाने गावोगावच्या आठवणी व गावोगावचे प्रश्न यांकरिता राखून ठेवावी असे मंडळाने ठरविले आहे. त्याची प्रस्तावना लिहिण्याचे काम आम्हांकडे आले म्हणून हा लेख.

वाचकांनी प्रथम एक लहानसे काम करावे. घरात सातबाराचा जुना उतारा असेल तर तो काढून पाहावा. त्यावर भूमापन क्रमांक असतो, हिस्सा असतो, क्षेत्र व आकार असतो, कब्जेदारांची नावे असतात. त्याच कागदावर आणखी एक जागा छापलेली असते : "शेताचे स्थानिक नाव". पुष्कळ उताऱ्यांवर ही जागा कोरी असते. सरकारास महसूल घेण्यास क्रमांक पुरतो. नावाची गरज पडत नाही. परंतु आपल्या आज्या क्रमांक सांगून भाकरी पाठवीत नसत. "मधल्या खारीत जा", "उघाडीकडच्या कोंड्यात आहेत" असे सांगत, आणि पोर बरोबर त्याच बांधावर जाऊन उभे राही. प्रत्येक तुकड्यास नाव होते आणि प्रत्येक नावास काही कारण होते. शाळेत असताना आम्ही पाचवीच्या मुलांस एकदा घरच्या व शेजारच्या शेतांची नावे विचारून आणावयास सांगितली होती. काहींनी दोन आणली, काहींनी पाटीभर आणली. आणि एकाच शेताची तीन घरांतून तीन नावे आली, त्यावरून वर्गात जे भांडण जुंपले ते मधल्या सुट्टीपर्यंत पुरले. आम्हांस ते भांडण फार आवडले. तिन्ही नावे खरी होती. एक बांधणाऱ्याचे होते, एक पुढे कसणाऱ्या कुळाचे, आणि एक तेथल्या तिवराच्या झाडीचे.

जागेचे नाव टिकणे म्हणजे काय, याचे उदाहरण आपल्याच उरण तालुक्यात आहे. चाणजे येथे सापडलेला शिलाहार राजा सोमेश्वर याचा शके ११८२ चा, म्हणजे इसवी सन १२६० च्या सुमाराचा, शिलालेख प्रसिद्ध आहे. राजाने उरण प्रांतातील या गावामधील एका जागेचे उत्पन्न ठाण्याच्या उत्तरेश्वर महादेवास दिले, ही त्यातील हकीकत. त्या दानपत्रात केवळ गावाचे नाव देऊन भागलेले नाही; ज्या जागेचे उत्पन्न दिले तिचेही नाव, कोंथळेस्थान, दगडावर कोरले आहे. साडेसातशे वर्षांपूर्वीच्या लेखकास जे आवश्यक वाटले, ते आपल्या उताऱ्यावर कोरे आहे.

खारेपाटाची जमीन ही देवाने दिलेली जमीन नव्हे. ती केलेली जमीन आहे. पनवेल, उरण, पेण, अलिबाग या भागांतील खाड्यांच्या काठी भरतीचे पाणी जेथे रोज दोनदा शिरत असे, तेथे आपल्या पूर्वजांनी बांध घालून समुद्र बाहेर ठेवला. ओहोटीच्या वेळी खाडीतला चिकट चिखल कापावयाचा, त्याचे लगदे हातोहात पुढे द्यावयाचे, थरावर थर चढवावयाचे, आणि पुढची भरती येण्यापूर्वी त्या दिवसाचे काम पाण्याच्या वर न्यावयाचे. लाटेचा मार बसतो त्या बाजूस दगड लावावयाचे आणि बांधापुढची तिवरे राखावयाची, कारण लाट प्रथम तिवरांवर फुटली तर बांधावर तिचा जोर राहत नाही. पावसाचे पाणी बाहेर जावे म्हणून बांधात उघाडी ठेवीत. उघाडीचे दार असे बसविलेले असे की भरतीच्या पाण्याने ते आपोआप दाबून मिटे आणि ओहोटीस आतल्या पाण्याच्या भाराने उघडे. ज्याने हे दार प्रथम बसविले तो कोणत्याही अभियांत्रिकी विद्यालयात गेला नव्हता.

बांध झाला म्हणजे शेत झाले असेही नाही. पहिली काही वर्षे पावसाच्या पाण्याने जमिनीतील खार धुऊन जाण्याची वाट पाहावी लागे. मग राता पेरीत. या तांबड्या भातास खारटपणा सोसतो; काळा राता, भुरा राता या त्याच्या जाती पुढे शेतकी खात्यानेही निवडून घेतल्या, आणि पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीसाठी पनवेल १, पनवेल २ अशी वाणे काढली. खाऱ्या जमिनीत रोप लावणीपेक्षा मोड आलेले बी फेकून पेरण्याची रहूची रीत सोयीची पडे. सारांश, बी कोणते, ते भिजत किती वेळ ठेवावयाचे, कोणत्या पावसानंतर टाकावयाचे, हे सर्व ज्ञान घरातल्या माणसांच्या हातांत होते, आणि त्यातले बरेचसे बायकांच्या हातांत होते.

बांधाचा शत्रू उधाण खरे, परंतु उधाणाआधी खेकडा. खेकड्याचे बीळ बोटाएवढे, त्यातून पाण्याची धार करंगळीएवढी, आणि उधाणाच्या रात्री तेथेच खांड पडते. खारे पाणी एकदा आत आले की त्या वर्षीचे पीक जाते ते जातेच, पुढची काही वर्षेही जमीन पिकत नाही. म्हणून बांध हा कोणा एकाचा नव्हता. घरटी एक माणूस बांधावर गेलेच पाहिजे, न गेल्यास दंड, अशी गावकीची शिस्त असे. काही गावी या सामायिक व्यवस्थेस जोळ म्हणत. त्याहून जुनी शिलोत्री वहिवाट होती. तीत बांध घालणाऱ्या व राखणाऱ्याच्या हक्काचे धान्य कसणाऱ्याकडून घेतले जाई. १९४८ साली मुंबई सरकारने खारजमिनींचा कायदा केला व १९७९ साली महाराष्ट्राचा खारभूमी विकास कायदा आला. हे कायदे ग्रंथालयात सापडतात. परंतु दंड किती होता, तो पैशात घेत की धान्यात, विधवेच्या घरास माफी होती की नव्हती, गावकीच्या बैठकीत न ऐकणाऱ्याचे काय करीत, हे कोणत्याही ग्रंथालयात सापडावयाचे नाही.

येथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या वडीलधाऱ्या पिढीस पाऊणकी पाठ असे. हल्लीच्या मुलांस पाऊणकी म्हणजे काय हेच ठाऊक नाही. शाळेत हिशेबासाठी ती शिकविली जाई, परंतु किनाऱ्यावर तिचा खरा उपयोग भरतीसाठी होता. तिथीस पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ ढोबळ मानाने निघते. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता. घड्याळ नसलेल्या काळातली माणसे हाच हिशेब सूर्यावरून करीत. आपल्या घरी ही रीत कोणी कोणास शिकविली, बांधावर निघण्याची वेळ कशी ठरे, हे कोणी लिहून पाठविले तर ते आम्ही बखरीच्या दाखल्याइतकेच मोलाचे मानू.

आता कोणी म्हणेल की गॅझेटियर आहे, दफ्तरे आहेत, मग म्हाताऱ्यांच्या आठवणींस इतके महत्त्व का? गॅझेटियरचा आम्हांस आदर आहे. सर जेम्स कॅम्बेल यांनी संपादिलेला ठाणे जिल्ह्याचा भाग १८८२ साली निघाला व कुलाबा-जंजिऱ्याचा १८८३ साली. खारीची बंदिस्ती, मिठागरे, धाऱ्याच्या पद्धती यांविषयी त्यांत जी माहिती आहे तिच्यावाचून आमचे पान हलत नाही. परंतु तो ग्रंथ राज्यकर्त्यांनी राज्यकारभारासाठी तयार केला. त्यात आगरी माणूस कसा दिसतो, काय नेसतो, काय पितो, घर कसले बांधतो हे आहे. तो स्वतः काय म्हणतो हे नाही. वर्णिलेला माणूस त्या पुस्तकात बोलत नाही, एवढीच त्याची उणीव. ती उणीव त्या अधिकाऱ्यांनी भरून काढावी अशी अपेक्षा करण्यात अर्थ नव्हता, आणि आज आपण न भरल्यास दुसरे कोणी भरणार नाही.

चरीच्या संपाचेच पाहा. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी येथे संप जाहीर झाला. पंचवीस गावांच्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसण्याचे बंद केले, आणि १९३९ पर्यंत ते मागे हटले नाहीत. इतका दीर्घ शेतकरी संप आपल्या देशात क्वचितच झाला असेल. कै. नारायण नागू पाटील यांनी त्याचे नेतृत्व केले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर पाठीशी उभे राहिले, १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. पुढे कूळकायदा आला, १९४९ साली खोती नष्ट करणारा कायदाही झाला. नारायण नागूंनी 'कथा एका संघर्षाची' हे आत्मचरित्र लिहून ठेविले, हे आपल्यावरचे त्यांचे आणखी एक ऋण होय.

परंतु संप नेत्याने जाहीर केला तरी तो चालविला घराघरांनी. सहा वर्षे जमीन कसली नाही, तर चूल कशी पेटली? डोंगरातून लाकूडफाटा कोण आणी व तो कोठे विकला जाई? वाण्याने उधार दिले की नाकारले? त्या सहा वर्षांत मुलींची लग्ने झाली ती कशी झाली, धवळे गाणाऱ्या धवलारिणींस काय दिले? संप मोडून जमीन कसावयास जावे असे ज्यांना वाटले, त्यांच्या घरी काय बोलणी झाली? आणि एक प्रश्न आमच्या मनातून जात नाही. जमीन कसावयाची नाही असे ठरले. मग पडीक राहिलेल्या खारींचे बांध कोणी राखले? राखले असतील तर ते खोताच्या जमिनीसाठी फुकटचे कष्ट झाले. न राखले असतील तर उद्या आपली व्हावयाची जमीन डोळ्यांदेखत खाडीत गेली. त्या पंचवीस गावांतल्या प्रत्येक घरास हा पेच पडला असला पाहिजे. ज्यांनी तो सोडविला ती माणसे आज हयात नाहीत. परंतु त्यांनी आपल्या मुलांस, सुनांस काही सांगितले असेल, आणि त्यांपैकी काही नव्वदीच्या आत-बाहेर आहेत.

चिरनेरविषयीही असेच. २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहात अक्कादेवीच्या डोंगराशी गोळीबार झाला व आठ सत्याग्रही धारातीर्थी पडले. दरवर्षी आपण त्यांस वंदन करितो. त्या आठ जणांत आगरी आहेत, तसेच कातकरी, कोळी व न्हावी आहेत. ज्ञातीच्या स्मरणिकेत हे विशेष आग्रहाने लिहावेसे वाटते. आपल्या इतिहासाची साक्ष पुष्कळदा शेजारच्या वाडीत राहते. बांधावर आपल्याबरोबर कातकरी राबला, खाडीत आपल्याबरोबर कोळी उतरला, गावच्या सीमा महारांनी सांगितल्या. त्यांच्या घरी आपल्याविषयी ज्या आठवणी आहेत त्या सर्वच गोड असतील असे नाही. तरीही विचारावयास जावे, आणि जे सांगतील ते जसेच्या तसे लिहावे.

हे सर्व आताच का, असे कोणी विचारील तर त्याने एकदा उरणच्या आगगाडीत बसावे. १२ जानेवारी २०२४ पासून ही गाडी थेट उरणपर्यंत जाते. त्याच दिवशी शिवडी-न्हावा सागरी सेतूही खुला झाला. गाडीच्या वाटेवर खारकोपर आणि शेमटीखार अशी दोन स्थानके लागतात. पाटीवर खार हा शब्द वाचून परगावचा प्रवासी काय समजत असेल ते समजो. आपल्या मुलांस तरी तो कळावा. शेमटीखार या नावातील शेमटी म्हणजे काय, ती खार कोणी बांधली, तिची उघाडी कोठे होती, हे त्या भागातील घरांनी आम्हांस कळवावे. स्थानकास नाव मिळाले, हे चांगले झाले. परंतु अशा शेकडो खारींतून एखाददुसरीच्या वाट्यास हे भाग्य आले.

नवी मुंबईसाठी १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली व ठाणे आणि त्या वेळचा कुलाबा या दोन जिल्ह्यांतील पंचाण्णव गावांच्या जमिनी प्रकल्पाखाली आल्या. त्यात भातशेते गेली, मिठागरे गेली, बांध व उघाड्या भरावाखाली गेल्या. शेवा हे गाव बंदरासाठी उठले. १९८९ साली बंदर सुरू झाले आणि आज जगभरच्या जहाजांच्या कागदांवर न्हावा-शेवा हे नाव लिहिले जाते, पण जुन्या शेव्याची आळी कोठे संपे व देऊळ कोठे होते हे दाखविण्यास तेथे काही उरले नाही. विमानतळासाठी दहा वस्त्या हलल्या, उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळविला गेला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटनही झाले. योग्य मोबदल्यासाठी आपली माणसे लढली. १६ व १७ जानेवारी १९८४ च्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले, आणि लोकनेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व पुढे आले. त्या लढ्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे व पुढेही जाईल. येथे आम्हांस एवढेच म्हणावयाचे आहे की साडेबारा टक्क्यांत भूखंड परत मिळतो, शेताचे नाव परत मिळत नाही. आज ज्यांचे वय पन्नाशीच्या आत आहे, त्यांनी ती शेते शेते म्हणून पाहिलेलीच नाहीत. ज्यांनी पाहिली ते सत्तरीच्या पुढे गेले. मधली पिढी घरे बांधण्यात गुंतली, आणि तिला दोष देण्याचे कारण नाही.

म्हणून आमची सर्व कुटुंबांस विनंती आहे. आठवण पाठविताना भाषा सजवू नये. आजी ज्या बोलीत बोलली त्याच बोलीत लिहावे. "आयतवार" असे ती म्हणाली असेल तर त्याचा "रविवार" करू नये. हल्ली प्रत्येक घरात नातवंडांच्या हाती भ्रमणध्वनी आहे. त्याचा पुष्कळ उपयोग होत असतो. त्यात आजीचा आवाजही धरून ठेवता येतो. विशेषतः लग्नातील धवळे, कारण धवलारीण गेली की तिची गाणी कागदावर उतरली तरी चाल उतरत नाही. सांगणाऱ्याचे नाव, गाव व अंदाजे वय लिहावे. साल ठाऊक नसेल तर सरकारी साल शोधीत बसू नये. "थोरल्या भावाच्या लग्नाआधीचे पावसाळे" एवढे पुरे, बाकीचे आम्ही लावून घेऊ. एकाच गोष्टीच्या दोन घरी दोन हकीकती असतील तर दोन्ही पाठवाव्या. त्यांतील खरी कोणती याचा निवाडा पत्र लिहितानाच करू नये, आणि भावकीतला जुना वाद जिंकण्यासाठी तर आठवण मुळीच पाठवू नये. जमिनीचे दावे न्यायालयात चालतात. ही पाने त्यासाठी नाहीत.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहावी लागते. आपल्या स्मरणिकांतून पूर्वजांचा पराक्रम येतो, त्यांचे कर्ज येत नाही. दारूपायी गेलेली शेते, सावकाराकडे पडलेली भांडी, मिठागरावर पाय सोललेल्या बायका, शाळा सोडून गुरांमागे गेलेल्या मुली, गावकीने वाळीत टाकलेली घरे, ही सर्व आपलीच आहेत. कोणाची नालस्ती होईल अशी नावे छापली जाणार नाहीत, एवढी काळजी मंडळ घेईल. परंतु हकीकत मात्र यावी.

ज्यांपाशी आठवण नाही त्यांनी प्रश्न पाठवावा. विशेषतः मुंबई-ठाण्यास व परदेशी वाढलेल्या मुलांना आम्ही हे सांगतो. आपणांस काही ठाऊक नाही म्हणून गप्प बसण्याचे कारण नाही. आपले आडनाव त्याच गावी इतक्या घरांचे का, आजोबांच्या कागदांत एकाच गावाच्या दोन खारी का, घरच्या देव्हाऱ्यात अमुक टाक कोठून आला, असा एक साधा प्रश्न छापून आला की तो दहा ओट्यांवर वाचला जातो, आणि अकराव्या ओटीवर कोणीतरी म्हणते, "अरे, ते तर मला ठाऊक आहे." आमच्या अनुभवात म्हातारे माणूस आपणहून आठवण सांगत नाही, चुकीचे उत्तर त्याच्यासमोर कोणी दिले की मात्र ते उठून बसते.

आलेले सर्व कागद, छापले जावोत वा न जावोत, मंडळाच्या कचेरीत गाववार बांधून ठेवले जातील व कोणाही सभासदास पाहता येतील. मूळ कागद पाठवू नयेत. नक्कल किंवा छायाचित्र पाठवावे. पोस्टाने पाठवावे अथवा तालुक्याच्या प्रतिनिधीजवळ द्यावे. लिहिता येत नसेल त्यांच्याकडे तालुक्याच्या शिक्षक सभासदांपैकी कोणी जाऊन लिहून घेईल. त्यासाठी काही निवृत्त शिक्षकांनी नावे दिली आहेत, त्यांत आमचेही आहे.

आरंभ म्हणून पुढील अंकासाठी एकच प्रश्न सर्व गावांस विचारीत आहोत. आपल्या घरच्या शेतात राता शेवटचा कोणत्या वर्षी पेरला, त्या शेतास काय म्हणत, आणि पुढच्या वर्षीचे बी कणगीत कोणी भरून ठेविले होते?